लाईटवरची गाडी घेणाऱ्या भाचीस

पोरी, नोकरी सांगलीत, घर साताऱ्यात, मधे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता, आणि तुला घ्यायचीय इलेक्ट्रिक गाडी, तीही जुनी. घे की! २०२० च्या जानेवारीत टाटाची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली. त्या आणि पुढच्या एक-दोन सालांतल्या गाड्या आता दुसऱ्या मालकाच्या दारी जायला लागल्यात. भाव उतरलेत, हे खरंच. पण पेट्रोलच्या गाडीचं दुखणं आवाजातून, धुरातून कळतं. हिचा सगळ्यात महाग ऐवज सीटखालच्या बंद पेटीत असतो. तो वाजत नाही, वास देत नाही, आणि रंगरंगोटी करून चकचकीत दिसायची त्याला गरजही नाही. म्हणून जरा बस इथे. तुला घाई फार असते, ठाऊक आहे मला.

बघायला जाशील तेव्हा

१. आधी नंबरपाटी वाच, मग रंग बघ. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे घरची गाडी, पिवळी म्हणजे भाड्याची — भाड्याची गाडी दिवसभर पळते आणि मिळेल तिथे फास्ट चार्जिंग करते. आज अक्षरं पांढरी दिसली तरी ती आधी पिवळी होती का, हे आरटीओच्या नोंदीतून काढ.

२. "किती पळते?" असं विचारू नकोस, "बॅटरी किती युनिटांची?" असं विचार — बॅटरीचा किलोवॅट-अवर आणि तुझ्या लाईटबिलातलं युनिट एकच. पहिली नेक्सॉन ३०.२ युनिटांची, टियागो १९.२ किंवा २४ ची, कॉमेट १७.३ ची.

३. कागदावरचं अंतर कागदावरच राहू दे. पहिल्या नेक्सॉनला ३१२ किलोमीटर लिहिलेत, तू हायवेला एसी लावून दोनशेच्या आसपास धर — म्हणजे सांगलीहून साताऱ्याला एका दमात पोचशील, पण मधे चार्जिंग न करता त्याच दिवशी परत येणार नाहीस.

४. म्हैस घेताना दोन्ही वेळची धार काढून बघतात, तशी ही गाडीही भरून आणि रिती करून बघ. मालकाला आदल्या रात्री १०० टक्के चार्ज करायला सांग आणि कराडपर्यंत जाऊन ये — गावातल्या फेरीत बॅटरीचा थांगच लागत नाही.

हा हिशोब मात्र वहीत लिहून घे. गाडीच्या पडद्यावर एका किलोमीटरला किती वॅट-अवर लागले ते दिसतं. समज, १४० किलोमीटर झाले आणि दर किलोमीटरला १४० वॅट-अवर लागले, म्हणजे १९.६ युनिटं खर्चली. तेवढ्यात १०० वरून ३० टक्क्यांवर आलीस, म्हणजे ७० टक्के उतरले. १९.६ भागिले ०.७० बरोबर २८. मूळच्या ३०.२ पैकी २८ युनिटं आजही मावतात. हा काटेकोर दाखला नव्हे, पण अंदाज पक्का मिळतो. २८ ऐवजी २२ आलं, तर चहा पी, आभार मान आणि घरी ये. मालक बरं बोलतो, मीटर खरं बोलतं.

५. शिवाय गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल लेखी घे — तुझा हिशोब सगळी बॅटरी मिळून सांगतो, एखादा सेल मागे पडलाय का ते त्यांच्या यंत्राला कळतं.

६. चार्जिंगचं तोंड बघ. २०२१ च्या ऑगस्टआधीची टिगोर ईव्ही आणि महिंद्राची ई-व्हेरिटो यांचं फास्ट चार्जिंगचं तोंड जुन्या पद्धतीचं आहे — आज रस्त्यावरचे बहुतेक फास्ट चार्जर सीसीएस-२ चे, ते या गाड्यांना लागत नाहीत.

७. गाडीबरोबरची चार्जिंग केबल आणि दोन्ही किल्ल्या मोजून घे — केबल वेगळी विकत घ्यायला गेलीस तर सगळी घासाघीस पाण्यात. केबल नाही, तर किल्ली मुकी.

८. बॅटरी मालकाचीच आहे ना, हे विचारायला लाजू नकोस. विंडसर, कॉमेटसारख्या काही गाड्या बॅटरी भाड्याने घेऊनही विकल्या गेल्यात — गाडी स्वस्तात मिळेल, भाडं मात्र किलोमीटरमागे तुझ्या बोकांडी बसेल.

९. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघ. बॅटरीच्या पेटीला ठोका, चीर, गंज असेल तर नको. नारिंगी वायरी उंदरांनी कुरतडल्यात का तेही बघ, पण हात लावू नकोस — नारिंगी म्हणजे जबर दाबाची वीज. आणि आपल्याकडे ऊस तुटला की उंदीर घराकडे वळतात, गाडीच्या पोटात ऊबही असतेच.

पुराचं वेगळं सांगते

हे आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं. २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा या गाड्या रस्त्यावर जवळजवळ नव्हत्याच. पण जुलै २०२१ च्या पुरात होत्या. सांगली, कोल्हापूर आणि घाटाखाली चिपळूण, तिन्हीकडे पाणी शिरलं; आणि पुरातून निघालेली गाडी धुऊनपुसून दोन गावं पलीकडे विकली जाते.

१०. २०२१ किंवा त्याआधीची गाडी असेल तर त्या जुलैत ती कुठे उभी होती ते विचार, आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास काढ — तोंडाने पूर लपवता येतो, दावा लपत नाही.

११. "बॅटरी वॉटरप्रूफ आहे" याला भुलू नकोस. आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास — कृष्णेचं पाणी दिवसचे दिवस बसतं आणि गाळ मागे ठेवून जातं.

१२. सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाशी बघ, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरव, गालिच्याखाली वास घे — गाळ कोपऱ्यात राहतोच. उतरलेल्या भावात चढलेलं पाणी शोधावं.

कागदपत्रं

१३. बॅटरीची वॉरंटी गाडी पहिल्यांदा विकली त्या दिवसापासून मोज. टाटाच्या नेक्सॉन, टियागोसारख्या गाड्यांना ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते — २०२० ची गाडी आज घेतलीस तरी मुदत २०२८ लाच संपणार. "लाइफटाइम वॉरंटी" ऐकलीस तर ती पहिल्याच मालकापुरती आहे का ते वाच. विंडसरची तशीच आहे.

१४. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घे — तुझ्या नावावर चढेपर्यंत गाडी कायद्याने जुन्या मालकाचीच.

१५. विमा १४ दिवसांत तुझ्या नावावर करून घे. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, म्हणून हप्ता थोडा चढेल, दचकू नकोस.

१६. मिरजेच्या पलीकडून, कर्नाटकातली केए नंबरची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून धावू नकोस. तिथल्या आरटीओची एनओसी आधी हातात घे — महाराष्ट्रात बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो.

१७. जुन्या मालकाच्या मोबाइलमधल्या ॲपवरून गाडी काढून टाकायला लाव, तुझ्यासमोर. फास्टॅगही नवा घे — नाहीतर तू कुठे गेलीस ते त्याला दिसेल, आणि आनेवाडीचा टोल त्याच्या खात्यातून जाईल.

१८. व्यापाऱ्याकडून घेतलीस तर त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी असतो, पूर्ण किमतीवर नाही. घरगुती मालकाकडून थेट घेतलीस तर तोही नाही — बिलात कुणी भलता आकडा लावला तर हे सांग.

घरचा प्लग

गाडी ठरवण्याआधी वायरमन बोलाव. अर्धी माणसं उलटं करतात.

१९. मंजूर भार किती आहे ते लाईटबिलावर वाच, कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घे — १५ अँपियरच्या प्लगवर गाडी सुमारे ३ किलोवॅट ओढते, तीही सलग आठ-नऊ तास. जुन्या वाड्यातल्या वायरिंगला एवढी सवय नसते.

२०. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, तिचा स्वतंत्र एमसीबी, आणि वीज गळली की तोडणारा आरसीसीबी. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही, एका रात्रीपुरताही नाही — बोर्ड वितळायला एकच रात्र लागते.

२१. अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जिंगच घेत नाही, आणि ते बरंच आहे. माण, खटाव, जत, आटपाडीकडे उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा — जमीन वाळली की अर्थिंग कमजोर होतं.

२२. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नकोस, काका म्हणाले तरी — ती वीज पाणी उपसायला सवलतीने दिलेली आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होते.

२३. बिलाचे टप्पे लक्षात ठेव: १००, ३००, ५०० युनिटं. महिन्याला हजार किलोमीटर फिरलीस तर चार्जिंगमधली घट धरून दीडशे-पावणेदोनशे युनिटं वाढतील — घरचा वापर दीडशेचा असेल तर तू ३०० ची रेघ ओलांडणार, आणि वरची युनिटं महाग पडणार. छत मोकळं असेल तर सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॅट सौर पॅनेलला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्याचा विचार गाडीबरोबरच कर.

रोजच्या सवयी

बॅटरीवरची वाहनं आपल्या सातारा जिल्ह्याला काल कळली असं समजू नकोस. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकातच विजेवरच्या सायकलरिक्षा घडवत होते. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तू मात्र या सवयी मनावर घे.

२४. बॅटरी कोणत्या जातीची ते विचारून तशी वाग. नेक्सॉन, टियागोच्या एलएफपी बॅटरीला अधूनमधून घरी सावकाश १०० टक्के भर — मधल्या टप्प्यात तिचा टक्क्यांचा अंदाज चुकत जातो, पूर्ण भरली की तो जागेवर येतो. कोनासारख्या दुसऱ्या जातीच्या बॅटरीला रोज ८० टक्के पुरे.

२५. फास्ट चार्जिंग प्रवासात, सावकाश चार्जिंग घरी. मिरजेच्या एप्रिलमध्ये दुपारी तापून आलीस तर गाडी सावलीत लाव, तासाभराने चार्जिंगला लाव — बॅटरीला उन्हासारखा शत्रू नाही.

२६. महिनाभर गावाला जाणार असशील तर निम्म्यावर ठेवून जा. पूर्ण भरून ठेवणं वाईट, आणि पाच टक्क्यांवर सोडणं त्याहून वाईट.

२७. या गाडीत साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, ती विसरू नकोस. तीन-चार वर्षांची झाली असेल तर बदलूनच टाक — मोठी बॅटरी भरलेली असूनही छोटी बसली की दारसुद्धा उघडायला तयार होत नाही.

२८. मंडईत, शाळेपाशी हळू, आणि हॉर्नला आळस नको — तुझी गाडी म्हाताऱ्यांना ऐकूच येत नाही.

घाट

२९. वाईहून पाचगणी म्हणजे पावणेसहाशे मीटर चढ. चार माणसं आणि सामान धरून सतराशे किलो वजन नुसतं वर उचलायला तीन युनिटं लागतात — ३० युनिटांच्या बॅटरीचे दहा टक्के, रस्त्याचे वेगळेच. पसरणी घाटात टक्के भराभर उतरले तर घाबरू नकोस. उतरताना निम्म्याहून अधिक परत मिळतात.

३०. पण परत मिळायला जागा हवी. पाचगणीच्या हॉटेलात १०० टक्के भरून घाट उतरायला लागू नकोस, ८५ ला थांब — भरलेली बॅटरी उतारावरची वीज घेत नाही, मग गाडी मोटरवर अडत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

३१. पुण्याहून येताना खंबाटकी चढायचा आहे हे हिशोबात धर. कोयनेकडून कुंभार्ली उतरणार असशील तर कराडातच भरून घे, घाटाखालचा चार्जर बंद निघाला तरी दुसऱ्यापर्यंत पोचता यावं. पहिला चार्जर वाटेसाठी, दुसरा जिवाला स्वस्थता म्हणून.

आणि पावसाळा

३२. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर थांब. पुढचा ट्रक गेला म्हणून तू जाऊ नकोस — त्याची चाकं बघ, तुझी बघ.

३३. आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर म्हणजे इशारा पातळी, ४५ वर धोका. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी गाडी भरून घे — पाणी शिरलं की महावितरणला लाईट बंद करावीच लागते, आणि मग भरायची कुठे?

३४. चाळीसची वाट न बघता गाडी सांगलीतल्या उंच भागात, विश्रामबागच्या बाजूला ओळखीच्या घरी नेऊन लाव. केबल, आरसी आणि विम्याचे कागद गाडीतच ठेव. जागेचं मे महिन्यातच विचारून ठेव — पुराच्या रात्री सगळ्यांनाच तिथे गाडी लावायची असते.