एका आकड्याचा हट्ट

वीर, ता. महाड

चि. ओंकार,

लोणेऱ्याच्या विद्यापीठात प्रकल्प म्हणून तू केलेलं अ‍ॅप पाहिलं. वय, उंची, वजन भरायचं, फोन खिशात टाकायचा आणि रात्री ते सांगणार, आज २,१४३ कॅलरी जळल्या. मांडणी सुटसुटीत आहे, तिला हात लावू नकोस. माझं म्हणणं फक्त त्या शेवटच्या आकड्याबद्दल आहे. तो काढून टाक आणि त्याच्या जागी पल्ला दाखव, एकोणीसशे ते पंचवीसशे असा. एककापर्यंतचा आकडा दिसला की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी हे मोजलेलं आहे. फोनने मोजली ती पावलं, आणि तीही ढोबळच. बाकी सगळा अंदाज. माणसाचा दिवसाचा खर्च खरोखर मोजायचा तर त्याला हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जड अणूंनी बनवलेलं पाणी पाजून पुढे कित्येक दिवस त्याची लघवी तपासावी लागते. ते काम तुझ्या फोनचं नाही, आणि यात फोनला कमीपणाही नाही.

हा अंदाज कशावर उभा आहे ते बघ. कामाचा जडपणा 'मेट' या एककात सांगतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च एक मेट, आणि तो किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन असा धरतात. म्हणजे किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी. बेताच्या चालीने सपाटीवर चालणं सुमारे साडेतीन मेट. यातला ३.५ हा आकडा सत्तर किलोच्या, चाळिशीतल्या एका पुरुषावरून आलेला मानला जातो. २००५ साली साडेसातशेहून जास्त प्रौढांवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात प्रत्यक्ष सरासरी २.६ च्या आसपास निघाली. म्हणजे पायाच तिसऱ्या हिश्श्याहून अधिक फुगलेला. त्यात आपल्या अंगकाठीची आणखी एक गोम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की दिसायला सडपातळ भारतीय माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. नुकत्याच जन्मलेल्या बाळांतही त्यांना हेच आढळलं. बसल्याजागी होणारा खर्च बराचसा चरबी सोडून उरलेल्या अंगावर, म्हणजे अवयवांवर आणि स्नायूंवर ठरतो. तुझं अ‍ॅप वजन विचारतं, त्यात चरबी किती ते नाही.

अंगाचं सोड, काम तरी अ‍ॅपला कळतं का? रायगडाचा हिशेब करून पाहा. पंचावन्न किलोची बाई चारशे मीटर उंची चढली, तर नुसतं वजन वर नेण्याचं काम दोन लाख पंधरा हजार ज्यूलच्या घरात जातं, म्हणजे पन्नासेक कॅलरी. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेतला चौथा-पाचवा हिस्साच कामी लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा चढणीपोटीच दोनशेच्या वर खर्च. तीच बाई महाडच्या बाजारपेठेतून दोन किलोमीटर सपाट चालली तर शंभराच्या आत भागतं. पावलं सारखीच भरली, तर अ‍ॅपला दोन्ही सारखंच. उंची मोजणारा सेन्सर जोडशील, पण मग रोपवेच्या पाळण्यात बसून वर गेलेल्याला चढणीचे गुण मिळणार नाहीत, याची तजवीज करावी लागेल. डोक्यावरचा भरलेला हंडा, लाकडाची मोळी, भाताचा भारा हे कोणत्याच सेन्सरला दिसत नाहीत. आणि लावणीच्या दिवसांत तर फोन पिशवीत गुंडाळून बांधावर ठेवलेला असतो. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बाईला तुझं अ‍ॅप रात्री सांगणार की आज तू बसून होतीस! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पंचावन्न किलोच्या स्त्रीला बैठं काम असेल तर १,६६० आणि जड काम असेल तर २,७२० कॅलरी धरल्या आहेत. वजन तेच, फरक हजाराहून जास्त. आणि नेमका तोच तुझ्या पावलांतून निसटतो.

तू म्हणशील, मनगटावरचं घड्याळ नाडी बघतं, ते जोडलं की प्रश्न सुटला. २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये असे सात मनगटी पट्टे तपासले. नाडी बहुतेकांनी चांगली पकडली. कॅलरीत मात्र सगळ्यांत अचूक पट्टाही सरासरी सत्तावीस टक्क्यांनी चुकला आणि सगळ्यांत वाईट त्र्याण्णव टक्क्यांनी. तुझा दुसरा मुद्दा जास्त वजनदार असेल : आकडा चुकीचा असला तरी रोज सारखाच चुकतो, मग कालच्यापेक्षा आज जास्त की कमी एवढं तरी कळेल. पुण्यात कचेरीत बसणाऱ्याच्या बाबतीत मी हे मान्य करते. आपल्याकडे काम ऋतूप्रमाणे बदलतं. राब भाजणं, लावणी, कापणी, झोडणी, मग लाकूडफाटा. प्रत्येक वेळी चूक वेगळ्या बाजूला जाते, आणि जूनच्या आकड्याशी जानेवारीचा आकडा ताडून काहीच हाती लागत नाही. पल्ला कुणाला आवडत नाही, लोकांना एकच आकडा हवा असतो, हेही खरं. पण हवामान खात्याने उद्या ४७.३ मिलिमीटर पाऊस पडेल असं सांगितलं तर आपण हसू. अंदाज पल्ल्यात ऐकायची सवय लोकांना आहेच.

दुसरी दुरुस्ती याच्याच पोटातली. आकडा वाढला की पडदा हिरवा होतो आणि 'शाब्बास' उमटतं, ते काढ. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा मोठा अभ्यास झाला आहे. २००३ साली त्यातून छापून आलं की ज्यांच्या वाट्याला जास्त कष्ट होते त्यांची बाळं अंगाने लहान जन्मली. त्या बाईला हिरवा पडदा दाखवून कसं चालेल? तसंच 'आणखी ३१२ कॅलरी खाऊ शकता' ही ओळ. टांझानियातले हाडझा लोक शिकार आणि कंदमुळांवर जगतात, दिवसभर चालतात. २०१२ साली त्यांचा खर्च त्या जड पाण्याने मोजला, तर अंगाच्या मानाने तो पाश्चात्त्य शहरी माणसाएवढाच भरला. शरीर एकीकडे जास्त खर्चलं तर दुसरीकडे हात आखडतं, असा त्यावरून तर्क आहे. तो पुरता सिद्ध झालेला नाही, पण जळलेल्यातून खाल्लेलं वजा करण्याचं तुझं गणित वाटतं तितकं सरळ नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. चालणं हृदयाला, साखरेला, झोपेला चांगलं आहे. त्यासाठी वजाबाकी लागत नाही.

एवढं बदलूनही अ‍ॅप साधंच राहील. रात्री तीनच प्रश्न विचार : आज फोन अंगावर किती वेळ होता, ओझं उचललं का, चढण होती का. उत्तरांप्रमाणे पल्ला सरकव, आणि फोन अंगावर नव्हता तर 'आज सांगता येत नाही' असं लिहायला लाजू नकोस. वजन आणि वय फोनमध्येच राहू दे, कुठल्या सर्व्हरवर पाठवू नकोस. परीक्षक विचारतील की अचूकता किती टक्के; तेव्हा वरचे आकडे त्यांच्यापुढे ठेव. लावणी उरकायच्या आत पाचसहा बायकांना ते वापरायला दे. तुझं अ‍ॅप पुरुषाने आणि शहरात बसून लिहिल्यासारखं वाटतं. कोणती कामं राहिली ते त्या सांगतील.

तुझी आत्या