कर न भरणारा कवि

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांत पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास व कर भरण्यास सांगतो. हा धडा शिकवितांना कोणीतरी आम्हांस विचारतोच कीं, त्या पैशानें तोफा ओतल्या तर काय? वेल्स देशांतील कवि वाल्डो विल्यम्स ह्यांचें चरित्र ह्या प्रश्नास उपयोगी पडण्याजोगें आहे.

ते १९०४ सालीं पेंब्रोकशायर परगण्यांत जन्मले. वडील शाळामास्तर असून युद्धाचे विरोधी होते. घरांतील भाषा इंग्रजी. परंतु वाल्डो सात वर्षांचे असतां कुटुंब प्रेसेली डोंगराजवळच्या खेड्यांत गेलें, आणि तेथें सोबत्यांशीं खेळतां खेळतां ते वेल्श बोलूं लागले. पुढें त्याच भाषेनें त्यांस कवि केलें. प्रौढांसाठीं त्यांचा एकच संग्रह १९५६ सालीं निघाला.

दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं शस्त्र धरण्यास नकार दिला. युद्ध संपतांच प्रेसेली डोंगर लष्करी सरावासाठीं घेण्याचा सरकारचा बेत झाला, तेव्हां तेथील शेतकरी व पाळक उभे राहिले (पाळकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी!), वाल्डोंनीं त्या डोंगरावर कविता केली, आणि तो बेत फसला.

१९५० सालीं कोरियांत युद्ध पेटलें. तरुणांची सक्तीची लष्करभरती चालू होती. ती चालू आहे तोंवर आपण प्राप्तीवरील कर भरणार नाहीं, असें वाल्डोंनीं ठरविलें. कर पगारांतूनच परस्पर कापला जाई, म्हणून त्यांनीं शाळेची नोकरीही सोडली. १९५३ सालीं ते क्वेकर मंडळींत सामील झाले. बेलिफांनीं घरांतील सामान जप्त करून नेलें. १९६० व १९६१ ह्या दोन्ही सालीं त्यांस सहा सहा आठवड्यांचा तुरुंगवास घडला. शेवटचा सक्तीचा शिपाई १९६३ सालीं मोकळा झाला, तोंवर त्यांचा निश्चय टिकला. १९७१ सालीं ते वारले.

त्यांनीं पौलाची आज्ञा मोडली काय? कराच्या पैशानें दवाखानेही चालतात. तोफेचा पैसा त्यांतून निराळा काढतां येत नाहीं, हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो. तथापि वाल्डोंनीं आपला नकार लपविला नाहीं, आणि शिक्षा आली ती सोसली. कर चुकविणारा सावकार असें करीत नाहीं. अधिकाऱ्याची आज्ञा न मानतांही मनुष्य त्याच्या अधीन राहूं शकतो, असें आमचें मत आहे. सर्वांस तें पटेलच असें नाहीं. वर्गांत १ ते ७ हीं वचनें वाचून थांबूं नये. ८ ते १० हीं लगेच वाचावीं, आणि मग हा प्रश्न मंडळीपुढें ठेवावा.