नवे अवजार विक्रीस काढण्यापूर्वी

शेतात राबताना एखादी युक्ती सुचते, गावच्या लोहाराच्या हातून ती लोखंडात उतरते, आणि चार शेजाऱ्यांनी वाहवा करताच ती बाजारात नेण्याची ऊर्मी येते. ऊर्मी चांगलीच. परंतु युक्ती सुचणे आणि तिला गिऱ्हाईक मिळणे यांमधील अंतर न मोजता ज्यांनी कर्ज काढून माल तयार केला, त्यांपैकी कित्येकांच्या पडवीत आज न खपलेले लोखंड गंजत आहे. प्रस्तुत लेखक त्यांतलाच एक असल्यामुळे पुढील विवेचनात परोपदेशाचे पांडित्य बेताचेच आढळेल.

कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगर सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या आरंभीच्या अडचणी तितक्या ठाऊक नाहीत. बेळगावास सायकलींचे दुकान चालवीत असता त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची त्या वेळी समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली, औंधच्या अधिपतींनी जागा व कर्जाऊ रक्कम दिल्यावर, किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला.

या हकिकतीतील विषाची समजूत सांगून लोक हसतात व पुढे जातात. मला ती हसण्यासारखी वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करीत असे. लोखंडी नांगराचा फाळ झिजल्यास कोणाच्या दारी जावयाचे? हा प्रश्न ज्याच्या मनात असेल तो तोंडाने विषाचेच कारण सांगेल. गिऱ्हाईक जे बोलते ते ऐकावेच, पण ते कोणत्या खर्चास भीत आहे हेही शोधून काढावे.

आता स्वतःची गोष्ट. बायांना दिवसभर उकिडवे बसून खुरप्याने खुरपणी करावी लागते, हे पाहून मी लांब दांड्याचे, उभ्याने ढकलावयाचे एक कोळपे करविले. ज्याला त्याला दाखविले. एकानेही नाव ठेविले नाही. त्या भरवशावर पन्नास नग तयार करविले आणि पहिल्या हंगामात सात विकले गेले. त्यांतील तीन घेणारे माझे सोयरे होते, म्हणजे खरी विक्री चारांचीच.

कारण पुढे ध्यानात आले. आमच्याकडे खुरपणी बहुधा उक्ती दिली जाते. एकराचा दर ठरला की काम दोन दिवसांत होवो वा चार, मालकाचे पैसे तेवढेच. मग अवजारासाठी त्याने पदरचे पैसे का घालावेत? पाठ दुखते ती बाईची, आणि काम लवकर उरकल्यास लाभही तिच्याच टोळीचा. पण मी एकाही बाईस विचारले नव्हते. जेथे रोजंदारीने काम चालते त्या गावी हाच हिशेब उलटा होतो. तेव्हा त्रास कोणाचा, बचत कोणाची आणि थैली कोणाच्या हाती, या तीन प्रश्नांची उत्तरे गावागणिक निराळी येतात. ती मिळेपर्यंत लोहारास दुसऱ्या नगाचे काम सांगू नये.

पहिला नग ओबडधोबड असला तरी चालेल. तो ओळखीबाहेरच्या माणसास द्यावा, शक्य तर निराळ्या जमिनीच्या गावी. कारण मुरमाड रानात सरळ चालणारे पाते काळ्या चिकण मातीत वाफसा येण्यापूर्वी लडबडून जाते. वापराच्या वेळी आपण बांधावर उभे राहू नये. करणारा समोर असला की लोक भिडेने चालवितात आणि भिडेनेच वाखाणतात. आठ दिवसांनी जावे व पात्याकडे पाहावे. ते झिजून चकाकत असेल तर अवजार वापरले गेले. त्यावर कोंबडी बसलेली आढळल्यास अधिक विचारण्याची गरज नाही.

यापुढची कसोटी पैशाची. "पुढच्या हंगामात घेईन" या शब्दाला मोल नाही. थोडा का होईना, इसार मागावा. मागताना संकोच वाटतो खरा, पण इसार न देणारा मनुष्य काय सांगतो त्यातच पुष्कळ शिकावयास मिळते. शेतीच्या अवजारास वर्षातून एखादाच हंगाम परीक्षेसाठी लाभतो. तो स्तुती ऐकण्यात दवडला तर वर्ष गेले.

एक सूचना मात्र विसरू नये. रचना खरोखर नवी असून तिचे पेटंट घेण्याचा विचार असेल, तर ती चारचौघांत वापरास देण्यापूर्वी निदान तात्पुरता अर्ज दाखल करावा. त्यानंतर पूर्ण तपशील देण्यास बारा महिन्यांची मुदत मिळते. आधीच सर्वत्र दाखविलेल्या वस्तूचे नवेपण नाकारले जाण्याचा संभव असतो.

उरलेल्या कोळप्यांपैकी दोन मी यंदा खुरपणीच्या दोन टोळ्यांना वापरावयास दिली आहेत. एका टोळीच्या मुकादमीणबाईंनी दांडा चार बोटे कापून घेतला आणि आणखी तीन नगांचा दर विचारला. दांडा का कापला, हे विचारण्यास मी येत्या बाजारच्या दिवशी त्यांच्याकडे जाणार आहे.