वर्षावासातले ताट : घेवड्याचा झणझणीत रस्सा

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्यातली बरीच घरे मटण, मासळी, अंडी बंद ठेवतात. विहारात आरोग्यावर बोलताना आम्ही भगिनींना विचारतो, "मग त्याऐवजी ताटात काय येतं?" उत्तर बहुधा एकच : बटाटा, भात आणि चहा-बटर. प्रथिने आणि लोह देणारा पदार्थ गेला, पण त्याच्या जागी दुसरा आला नाही.

शाकाहार पवित्र आणि मांसाहार अपवित्र, हा हिशेब आपला नाही. आपला हिशेब रक्ताचा आहे. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदर बाईचे 11 च्या खाली गेले की तो ॲनिमिया. धाप लागते, चक्कर येते, आणि आपण "कामाचा शीण" म्हणून ते अंगावर काढतो.

यावर घरातला एक उपाय म्हणजे घेवडा, म्हणजेच राजमा. कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर उत्तमच. 100 ग्रॅम सुक्या घेवड्यात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात.

पाच माणसांसाठी साहित्य : घेवडा पाव किलो, कांदे 2, टोमॅटो 2, लसूण, आले, जिरे, हळद, कांदा-लसूण मसाला दीड चमचा, तेल 2 मोठे चमचे, मीठ 1 लहान चमचा, कोथिंबीर, लिंबू.

कृती :
1. घेवडा रात्री भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी फेकून द्या.
2. नव्या पाण्यात कुकरला लावा. एक शिट्टी झाली की मंद आचेवर 20 मिनिटे ठेवा. दाणा बोटाने सहज चिरडला पाहिजे. पातेल्यात शिजवत असाल तर आधी किमान 10 मिनिटे खळखळून उकळा, मग मऊ होईपर्यंत शिजवा.
3. तेलात जिरे, लसूण, आले, कांदा परता. टोमॅटो, हळद, मसाला घालून तेल सुटू द्या.
4. घेवडा पाण्यासकट घाला. पळीभर दाणे ठेचा, रस्सा दाट होतो. मीठ घालून 10 मिनिटे उकळा. वरून कोथिंबीर घाला.

हे विसरू नका :
- कच्च्या घेवड्यात विषारी घटक असतो. अर्धवट शिजलेला खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात.
- लवकर शिजावा म्हणून सोडा घालू नका, त्याने ब जीवनसत्त्व नष्ट होते.
- ताटात लिंबू पिळा. कडधान्यातले लोह अंगी लागायला त्याची मदत होते. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्या, तो लोह अडवतो.
- लोहाच्या गोळ्या चालू असतील तर बंद करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटची गोष्ट भांड्याबाहेरची. बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तेव्हा दाणे संपलेले असतात, उरतो फक्त रस्सा. म्हणून रस्सा उतरवला की पाच वाट्या सारख्या भरा. समता आपण विहारात बोलतो, ती चुलीपाशीही दिसू द्या.

जय भीम!