सव्वीस जानेवारी हाच दिवस का?

प्रभातफेरी, ध्वजवंदन आणि खाऊवाटप झाले की प्रजासत्ताक दिन साजरा झाला, अशी मुलांची समजूत असते. हा दिवस कोणी व का ठरविला, हे त्यांना क्वचितच विचारले जाते. तो प्रश्न त्यांच्या मनात जागा करणे, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

प्रस्तावना : पाठ्यपुस्तकात छापलेली संविधानाची उद्देशिका उघडावयास सांगून तीतील तारीख मुलांकडून शोधून घ्यावी. तेथे २६ जानेवारी नाही. २६ नोव्हेंबर १९४९ आहे. संविधान सभेने त्या दिवशी संविधान स्वीकारले. मग त्याचा पूर्ण अंमल दोन महिन्यांनी का सुरू झाला?

विषयविवेचन : डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. तदनुसार रविवार, २६ जानेवारी १९३० रोजी देशभर सभा भरून स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेण्यात आली. पुढे दरवर्षी हाच स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जाई. प्रत्यक्ष स्वातंत्र्य मात्र १५ ऑगस्ट १९४७ रोजी आले आणि जुनी तारीख पोरकी झाली. १९५० साली संविधानाच्या अंमलासाठी तीच निवडून राष्ट्रनेत्यांनी जुन्या प्रतिज्ञेची नव्या कायद्याशी सांगड घातली.

अशा निवडीस दुसरी बाजूही असते. एक दिवस पुढे आणला की दुसरा मागे पडतो. २६ नोव्हेंबर अनेक वर्षे शाळांतून फारसा साजरा होत नसे. २०१५ मध्ये केंद्र शासनाने तो ‘संविधान दिन’ म्हणून घोषित केला. तारीख तीच होती, स्मरण मात्र नव्याने घडविले गेले. शासनाने दिवस ठरवावा, यात गैर काही नाही. परंतु ज्या मुलाला त्यामागील कारण ठाऊक नाही, त्याच्या हाती उद्या कोणीही कोणतीही तारीख आणि कोणतीही कथा देऊ शकेल. हा धोका शिक्षकांनी ओळखावा.

उपक्रम : गावाने विसरू नये असा दिवस कोणता, हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून यावे. कोणी महापुराचा सांगेल, कोणी शाळा उघडल्याचा. मराठवाड्यात आजोबा १७ सप्टेंबर १९४८ सांगतील. सर्व उत्तरे फळ्यावर लिहावीत. यांपैकी कोणत्या दिवसास सुट्टी आहे, कोणत्यास नाही आणि का, यावर चर्चा घडवावी. आपले मत मात्र शिक्षकांनी शेवटी सांगावे.