कांदा हुंगवून फिट थांबत नाही

एसटी स्टँडवर किंवा लग्नाच्या मांडवात कुणी फिट येऊन कोसळलं की गर्दीतून आरोळी उठते, ‘कांदा आणा रे!’ दुसरा पायातली चप्पल काढून नाकाशी धरतो. तिसऱ्याने तोवर दातखिळीत चमचा घालायला सुरुवात केलेली असते.

कांद्यावरचा विश्वास इतका चिवट का? कारण मेंदूतल्या पेशींमध्ये अचानक उसळलेले विजेचे लोंढे बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपोआप शमतात. घरातून कांदा शोधून, बुक्कीने फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. झटके थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळतं! हातात चावी दिली असती तर चावीला मिळालं असतं.

कांद्याने निदान इजा तरी होत नाही. चमच्याने होते. विशीतल्या एका मुलाची फिट अशीच दोन मिनिटांत थांबली, पण दवाखान्यात तो आला तो पुढचे दोन दात पडलेल्या अवस्थेत. ‘जीभ गिळली असती ना, डॉक्टर,’ काका कळवळून सांगत होते. जीभ गिळली जात नाही, ती तोंडात पक्की जोडलेली असते. फार तर कडेला चावली जाते आणि ती जखम बहुधा आपसूक भरून येते. दात पुन्हा उगवत नाहीत.

मग करायचं काय? आधी घड्याळ बघायचं. जवळपासची चूल, दगड, काचेच्या वस्तू दूर सारायच्या, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल द्यायचा, गळ्याशी काही आवळलेलं असेल तर सैल करायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, खांदा निखळू शकतो. झटके ओसरले की कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाते. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा घोटही नको. नंतर माणूस थोडा वेळ गोंधळलेला, झोपाळलेला असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मात्र झटके पाच मिनिटांहून जास्त चालले, शुद्ध न येता दुसरी फिट आली, फिट पाण्यात आली, डोक्याला मार लागला, नंतर श्वास नीट चालेना, रुग्ण गरोदर किंवा मधुमेही असला, किंवा फिट आयुष्यात पहिलीच असली, तर १०८ ला फोन करायचा. तेव्हा मांत्रिकाकडे किंवा ‘मुळापासून बरं’ करणाऱ्या पुडीवाल्याकडे धावायचं नाही. अशा काही पुड्यांत फिनोबार्बिटोन हे अॅलोपॅथीचंच औषध सापडलेलं आहे, तेही मात्रेचा पत्ता नसलेलं.

योग्य गोळ्या नियमित घेतल्या तर दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट आटोक्यात येतात. क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्स फिटचा त्रास असूनही दक्षिण आफ्रिकेकडून खेळला आणि त्याच्या क्षेत्ररक्षणाला आजही तोड नाही. तरी मुलीचं लग्न ठरलं की तिच्या गोळ्या आधी लपतात आणि मग बंद होतात. अचानक बंद केलेली गोळी हे फिट उसळण्याचं अगदी नेहमीचं कारण. अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा हा आजार, विवाह रद्द ठरवण्याचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होता, तो १९९९ साली वगळला गेला. सासरच्यांना हे बहुधा ठाऊकच नसतं. गरोदरपणाचा विचार असेल तर गोळ्या मनाने न थांबवता आधी डॉक्टरांना गाठावं, कारण सोडियम व्हॅल्प्रोएटसारखं औषध बाळासाठी धोक्याचं ठरू शकतं आणि ते वेळेत बदलता येतं.

आणि बघ्यांपैकी एकाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगावं. तो व्हिडिओ ग्रुपवर मात्र टाकायचा नाही, फक्त डॉक्टरांना दाखवायचा. झटका आधी कोणत्या हाताला आला, मान कुठे वळली, हे त्यातून कळतं.