वाराच्या आरपार जा

मनू, ‘हेडीज’ हा खेळ घेतलास ना? मग मामाचं नीट ऐक. पडद्यावर विजा, लाटा, ठिणग्या असं सगळं एकदम उसळेल. त्या दिपवणाऱ्या झगमगाटात अडकू नकोस. नजर शत्रूच्या हाताकडे आणि आपल्या पायाखाली ठेव. वार करण्याआधी प्रत्येक जण क्षणभर पवित्रा घेतोच. तो दिसला की डॅश मार, पण मागे नको. डॅशच्या त्या क्षणात आपल्या नायकाला, झाग्रिअसला, काही लागत नाही, म्हणून वाराच्या आरपार जायचं आणि पाठीवर हाणायचं. पुढे भेटणाऱ्या थीसिअसला तर समोरून मारून उपयोगच नाही, ढाल पुढे असते त्याची. तिथे आधी त्याचा जोडीदार, तो बैलतोंड्या अ‍ॅस्टेरिअस संपव.

देवांची वरदानं चमकदार दिसतात म्हणून उचलू नकोस, हातातलं शस्त्र बघ. मुठींनी भराभर ठोसे बसतात, त्यांना झ्यूसची वीज किंवा डायोनायससची नशा लाव, कारण त्यांचं नुकसान दर फटक्यागणिक मोजलं जातं. सावकाश पण जबर बसणाऱ्या वाराला टक्क्यांनी ताकद वाढवणारं वरदान हवं, आर्टेमिसचं किंवा अ‍ॅफ्रोडाइटीचं. डॅशवर अथेना मिळाली तर डोळे मिटून घे, आलेला वार उलटून परत जातो. खोलीतून निघताना दारावरचं चिन्ह वाच, पुढे काय मिळणार ते तिथेच कळतं.

मरशील. पुष्कळदा मरशील, आणि खेळ रचलाय तोच तसा. मरून झाग्रिअसच्या घरी परतलास की घाईने पुन्हा धावू नकोस. निक्स, अकिलीस, सगळ्यांशी बोल. मिळालेलं नेक्टर साठवू नकोस, ज्याला अजून दिलं नाहीस त्याला पहिल्यांदा दे. बदल्यात तो भेटवस्तू देतो. देवाने दिलेली भेटवस्तू जवळ असली की पुढचं वरदान त्याच देवाचं मिळतं, मग नशिबावर विसंबायची वेळ येत नाही. घरातल्या आरशात जमवलेला डार्कनेस खर्चताना आधी मरणातून उठवणारी शक्ती घे, मग जादा डॅश. बाकीचं नंतर.

फारच अडलास तर सेटिंगमध्ये गॉड मोड चालू कर, त्यात कमीपणा नाही. सुरुवातीला 20 टक्के मार कमी लागतो आणि दर मरणाला 2 टक्के आणखी, असं 80 पर्यंत. गोष्ट तीच राहते, पुढचे संवादही तसेच ऐकायला मिळतात.

आणि हो, निघण्याआधी घरच्या सर्बेरस कुत्र्याला थोपट. तिन्ही डोकी.